कॉन्ट्रा, मारिओ आणि चाळिशी

वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. हे वाचताना ज्यांचा अंगठा नकळत हलला, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. ज्यांना यातलं काहीच कळलं नाही, त्यांच्या घरात असा अंगठा असलेलं कुणीतरी बहुधा असेलच. त्यांनीही वाचावा.

‘कॉन्ट्रा’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये तीनाऐवजी तीस लाइफ मिळवून देणारी ही गुप्त किल्ली. जपानच्या कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ च्या सुमारास ‘ग्रॅडियस’ हा गेम घरी खेळण्याच्या यंत्रावर आणत होते. तो त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून तपासणीपुरती त्यांनी ही युक्ती आत घातली. ती तशीच राहून गेली आणि कंपनीच्या पुढच्या गेममध्येही शिरली. १९८८ मध्ये घरगुती यंत्रावर ‘कॉन्ट्रा’ आला आणि ही किल्ली जगभरच्या पोरांना तोंडपाठ झाली. पाढे विसरलेले लोकही ती विसरत नाहीत.

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात काम करणाऱ्या, चाळिशीच्या आसपासच्या मंडळींशी बोलताना हे जुने गेम हल्ली वरचेवर निघतात. कुणी लॅपटॉपवर जुन्या यंत्राची नक्कल करणारं एम्युलेटर टाकून ‘मारिओ’ खेळतं. कुणी चारशे गेम भरलेलं हातात मावणारं खेळणं मुलाच्या नावाने विकत घेतं आणि मूल झोपल्यावर स्वतः वापरतं. भूमकर चौकातल्या कोंडीत कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाइलवर ‘साप’ खेळणारेही भेटतात. घरून ऐकायला मिळतं, ‘हे काय वय आहे का?’ आणि मग वडिलांना तपासायला घेऊन आलेला मुलगा जाता जाता हळूच विचारतो, ‘डॉक्टर, यात काही वाईट नाही ना?’

वाईट नाही. उलट, नीट घेतलं तर ते चांगलं आहे. पण आपल्याला नेमकं काय हवं आहे हे ओळखलं नाही, तर मात्र तेच खेळणं रात्रीची झोप आणि दिवसाचं मन दोन्ही खाऊ शकतं.

बोनस, रात्रपाळी आणि कॅसेट

निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणलं. १३ सप्टेंबर १९८५ रोजी त्यावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत पोचली ती बहुतेक या यंत्राच्याच नकला असलेली खेळणी. समुराई, मीडिया अशी त्यांची नावं. पुण्यातली तापकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड ही ती मिळण्याची ठिकाणं. आपण त्यांच्या कार्ट्रिजला कॅसेट म्हणायचो आणि हातातल्या बटणांच्या डबीला रिमोट. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं ठळक छापलेलं असायचं. घरी लावल्यावर कळायचं, की खरे गेम मोजकेच आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा मोजले आहेत.

कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, हा सार्वत्रिक उपाय होता. मुळात त्या फुंकरीत काही गुण नव्हता. कॅसेट काढून परत बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या. तोंडातल्या ओलाव्याने उलट त्या गंजायच्या, म्हणून निन्टेन्डोने फुंकर मारू नका असंच सांगितलं होतं. काही घरगुती औषधांचं यशही असंच असतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पिंपरी-चिंचवडमध्ये या खेळण्याला आणखी एक संदर्भ होता. टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि त्यांच्या भोवतीच्या शेकडो लहान कारखान्यांत वडील कामाला. खेळणं यायचं ते दिवाळीच्या बोनसमधून. वडिलांची रात्रपाळी असली की दिवसा घरात शांतता. मग आवाज शून्यावर ठेवून खेळायचं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की खेळ आपोआप बंद. टीव्ही एकच, रिमोट दोन, मुलं पाच. उरलेली तीन मागे बसून सल्ले द्यायची. ज्यांच्या घरी यंत्र नव्हतं ती टोकन घेऊन पार्लरमध्ये जायची. तिथे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा गेम कुणी त्या नावाने ओळखत नसे. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या पात्राच्या नावाने सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणत.

पुढे हीच मुलं अभियांत्रिकी कॉलेजात गेली. संगणकाच्या प्रयोगशाळेत सर बाहेर गेले की ‘डेंजरस डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, हॉस्टेलवर ‘रोड रॅश’. मग हातात नोकिया आला आणि त्याच्यासोबत १९९७ पासूनचा ‘स्नेक’. त्यातली बरीच आज हिंजवडीत आहेत. लातूर, जळगाव, सांगली, अकोल्याहून येऊन माण, मारुंजी, वाकड, पुनावळ्यात फ्लॅट घेतलेल्यांचीही हीच कहाणी आहे. फक्त वडिलांच्या कारखान्याच्या जागी तिथे शेत, शाळा किंवा एसटी असते.

बोटांना आठवतं ते

माणसांना आपल्या आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर उतारवयात एक गमतीची गोष्ट दिसते. अलीकडच्या काळानंतर सर्वांत जास्त आठवणी येतात त्या साधारण दहा ते तीस या वयातल्या. मानसशास्त्रात याला स्मृतींचा उंचवटा म्हणता येईल असं नाव आहे. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं शहर, पहिलं खेळणं असं सगळं त्या काळात प्रथमच घडतं. ‘मी कोण’ हेही त्याच वयात ठरत असतं. मेंदू अशा गोष्टी जपून ठेवतो. म्हणून मारिओचं संगीत दोन सेकंद वाजलं तरी त्याबरोबर चाळीतली खोली, आईने तळलेल्या पापडांचा वास आणि मे महिन्याची दुपार उभी राहते.

पण बटणांची ती किल्ली आठवते, ती वेगळ्या प्रकारची स्मृती. सायकल चालवणं, पोहणं, पेटी वाजवणं हे सारं आपण शब्दांत लक्षात ठेवत नाही. मेंदूच्या खोल भागातली केंद्रकं आणि लहान मेंदू ते सांभाळतात. प्रसंगांची स्मृती ज्यावर अवलंबून असते तो हिप्पोकॅम्पस बिघडला, तरी ही कौशल्याची स्मृती टिकू शकते.

याचा एक सुंदर पुरावा एका जुन्या गेमनेच दिला. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी मॉस्कोत १९८४ मध्ये ‘टेट्रिस’ तयार केला. आपल्याकडे तो ‘ब्रिक गेम’ म्हणून हातातल्या छोट्या यंत्रावर गाजला. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्यांनी काही लोकांना अनेक तास टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागता लागता डोळ्यांपुढे काय येतं ते विचारलं. अनेकांना वरून पडणारे ठोकळे दिसले. त्यांत हिप्पोकॅम्पसला इजा झालेले पाच रुग्ण होते. आपण हा गेम खेळलो हेही त्यांना आठवत नव्हतं. तरीही त्यांतल्या तिघांनी झोपेच्या उंबरठ्यावर पडणारे आकार पाहिले.

आता एक निराश करणारी गोष्ट. जुना गेम पुन्हा लावल्यावर आपण पूर्वीसारखे खेळत नाही, पहिल्याच खड्ड्यात मरतो. यात तुमचा दोष नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ या गेमच्या १६ ते ४४ वयोगटातल्या ३,३०५ खेळाडूंच्या खेळाची नोंद तपासली. डोळ्यांनी पाहून हाताने प्रतिसाद देण्याचा वेग साधारण २४ व्या वर्षापासूनच कमी होऊ लागतो, असं त्यांना आढळलं. मात्र वयाने मोठे खेळाडू सोप्या, कमी कष्टाच्या चाली वापरून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढत होते. ऑफिसातही तेच होत नाही का?

रोगाचं नाव, रंजनाचं नाव

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द कवीने नाही, वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला. योहानेस होफर याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठात प्रबंध लिहिला. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना, हे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर गेलेल्या, विशेषतः परमुलखात नोकरी करणाऱ्या स्विस सैनिकांना झोप लागेना, भूक लागेना, छातीत धडधड होई, घराशिवाय दुसरा विचार सुचेना. होफरच्या मते हा आजार होता आणि खात्रीचा उपाय एकच, रुग्णाला घरी पाठवणं. नंतरच्या काही वैद्यांनी तर आल्प्समधल्या गायींच्या गळ्यातल्या घंटांच्या सततच्या आवाजाने मेंदूला इजा होते, असाही तर्क लढवला.

मराठीत आपण याला स्मरणरंजन म्हणतो. ग्रीक शब्दात वेदना आहे, आपल्या शब्दात रंजन. वैद्यकशास्त्राला दोन्ही बाजू पटायला तीनशे वर्षं लागली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या टिम वाइल्डशट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या भावनेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या. एक, लोकांच्या स्मरणरंजनात वस्तू कमी आणि माणसं जास्त असतात. केंद्रस्थानी आपण स्वतः आणि भोवती जवळचे लोक. दोन, ही भावना बहुतेक वेळा मन खट्टू असताना, त्यातही एकटेपणात उफाळते. तीन, ती आल्यानंतर माणसाला आपलं कुणीतरी आहे असं वाटू लागतं आणि स्वतःविषयीचं मत सुधारतं.

२००८ मध्ये याच विषयावर चीनमध्ये झालेल्या अभ्यासात गावाकडून शहरात आलेल्या कुटुंबांतली मुलंही होती. एकटेपणामुळे आधार नाही असं वाटतं. पण एकटेपणाच स्मरणरंजनही जागं करतो आणि ते हरवलेली आधाराची जाणीव काही प्रमाणात परत आणतं, असं त्यातून दिसलं. शरीराला जखम झाली की रक्त आपोआप गोठतं, तशी ही मनाची स्वतःची मलमपट्टी आहे. माणच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता एखादा टीम लीड ‘मारिओ’ लावतो, तेव्हा तो बालिशपणा करत नसतो. ही पट्टी बांधत असतो.

गेम म्हणूनही याचा थोडा उपयोग आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९९८ मध्ये आठ जणांना रणगाड्याचा गेम खेळायला देऊन मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा खेळताना मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं, हे प्रथम दिसलं. डोपामिन म्हणजे विष, असा हल्ली समज झालाय. तसं नाही. चांगलं जेवण, गप्पा, गाणं यांतही त्याचा वाटा असतो.

ऑक्सफर्डमधल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातला २०१७ चा प्रयोग तर डॉक्टरांनाही चकित करणारा आहे. रस्त्यावरच्या अपघातानंतर आलेल्या ७१ रुग्णांपैकी काहींना पहिल्या सहा तासांत अपघाताचा प्रसंग थोडक्यात आठवायला सांगून सुमारे वीस मिनिटं टेट्रिस खेळायला दिला. इतरांच्या तुलनेत त्यांना पुढच्या आठवड्यात अपघाताची दृश्यं डोळ्यांपुढे उसळून येण्याचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी होतं. ठोकळे जुळवण्यात मेंदूची दृश्य हाताळणारी यंत्रणा गुंतली की भीतीचं चित्र पक्कं व्हायला तिला फुरसत मिळत नाही, असं यामागचं कारण दिलं जातं. हा घरी करायचा उपचार नाही. पण एक साधा जुना खेळ मेंदूत कुठवर पोचतो, याची कल्पना त्यावरून यावी.

मलमपट्टी कधी उलटते?

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या वडिलांना मधुमेहाच्या तपासणीसाठी ओपीडीत घेऊन आले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील कारखान्यातून निवृत्त, मुलगा त्रेचाळीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी. निघताना त्यांनी उजवा हात पुढे केला, ‘डॉक्टर, जरा हे मनगट बघता का?’ अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वळवलं की कळ. डोळे तारवटलेले. विचारल्यावर कळलं, रात्री एक ते तीन ‘कॉन्ट्रा’. चार महिन्यांपासून रोज. प्रकल्प संपल्यापासून ते बेंचवर होते. कपातीच्या बातम्या रोज येत होत्या. फ्लॅटचे हप्ते चालू. घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, ‘दुसऱ्या रिमोटवर कोण असतं?’ ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘लहानपणी धाकटा भाऊ असायचा.’ घराच्या वाटणीवरून तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. शेजारी बसलेले वडील खिडकीबाहेर बघत राहिले.

‘कॉन्ट्रा’ दोघांनी खेळलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. एकाची लाइफ संपली की तो दुसऱ्याच्या शिल्लक लाइफमधून एक घेऊ शकायचा. ‘दादा, एक दे ना’ हे वाक्य त्या काळी किती घरांत ऐकू आलं असेल! आणि धबधब्याच्या पातळीवर पुढच्याने घाईने वर उडी मारली की मागचा पडद्याच्या खालच्या कडेला अडकून मरायचा. म्हणजे थांबावं लागायचं. हा गृहस्थ रोज रात्री जो खेळ शोधत होता, तो एकट्याने सापडणारच नव्हता.

संशोधनही इथे सावध करतं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या बास फेरप्लांकेन यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की ज्यांना सतत काळजी करण्याची सवय आहे, अशांना स्मरणरंजनाने आधी बरं वाटतं; पण नंतर त्यांची अस्वस्थता आणि उदासी उलट वाढते. तेव्हा किती निवांत होतो आणि आता हे काय झालं, अशी तुलना सुरू होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांच्या रोजच्या आयुष्यातल्या नोंदी घेतल्या गेल्या. प्रयोगशाळेत मुद्दाम जागवलेल्या गोड आठवणींपेक्षा आपोआप आलेलं स्मरणरंजन बरंच संमिश्र, अनेकदा खिन्न करणारं असतं, असं त्यात आढळलं. म्हणजे होफरही अगदीच चुकला नव्हता.

या गृहस्थांना मनगटाला आधार देणारा पट्टा, काही दिवसांच्या गोळ्या आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. झोपेचं वेळापत्रक लिहून दिलं. आणि बायकोला नोकरीची खरी परिस्थिती सांगा, भावाला एक फोन करा, असंही सुचवलं. पुढच्या भेटीत मनगट बरं होतं. झोप सुधारत होती. बायकोला सांगून झालं होतं. फोन अजून केला नव्हता. सगळ्या गोष्टी एका भेटीत बऱ्या होत नाहीत.

जुना गेम संपायचा

मुलांच्या मोबाइलवरच्या गेमविषयी जे बोललं जातं, तेच जुन्या गेमनाही लावायचं का? फरक समजून घ्यायला हवा. जुन्या गेमला शेवट होता. ‘कॉन्ट्रा’च्या आठ पातळ्या, ‘मारिओ’ची आठ जगं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजकन्येला सोडवायला घड्याळाप्रमाणे एक तास मिळायचा, त्यात जमलं नाही तर खेळ खलास. मूळ ‘मारिओ’त खेळ मध्येच साठवून ठेवायची सोय नव्हती. तीन लाइफ गेल्या की पुन्हा पहिल्यापासून. त्यातून आईची हाक, वडिलांची झोप आणि गुरुवारची वीज असे बाहेरचे ब्रेक होतेच.

आजचे अनेक मोबाइल गेम संपू नयेत अशाच हिशेबाने रचलेले असतात. रोज हजेरीचं बक्षीस, ठरावीक वेळाने येणाऱ्या सूचना, पैसे देऊन उघडायच्या पेट्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एम्युलेटर आणि चारशे गेमचं खेळणं जुन्या गेमचाही शेवट काढून घेतं. हवं तिथे साठवा, मेलात तर तिथूनच सुरू करा, कंटाळलात तर पुढचा गेम आहेच. जुन्या खेळाचा ब्रेक काढला की तोही नव्यासारखाच धावतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झालं. किती तास खेळता हा त्याचा निकष नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर कामं आणि आवडीनिवडींपेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहणं किंवा वाढणं, या तीन गोष्टी साधारण वर्षभर टिकल्या आणि घर, नोकरी, नाती यांवर ठळक परिणाम झाला तर हे निदान केलं जातं. रविवारी दोन तास ‘मुस्तफा’ खेळणारा यात बसत नाही. रोज पहाटे तीनपर्यंत जागून सकाळच्या मीटिंगला डुलक्या काढणारा अजून रुग्ण नसेलही, पण त्याने थांबून विचार करायला हवा.

मनगट, मान आणि चाळिशी

गेममुळे हात दुखणं नवं नाही. १९८१ मध्येच ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळून मनगट धरल्याची नोंद एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. १९९० मध्ये त्याच नियतकालिकात निन्टेन्डो खेळून अंगठ्याची शीर दुखावलेल्या एका महिलेची हकिगत आली. दहाव्या वर्षी जे अंगठे सहज सोसतात, ते दिवसभर कीबोर्ड आणि माऊस हाकणाऱ्या चाळिशीतल्या हाताला सोसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर खेळ काही दिवस बंद. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांची गोष्ट आपल्या भाषेने कधीच सांगून ठेवली आहे. वयालाही चाळिशी म्हणायचं आणि वाचायच्या चष्म्यालाही चाळिशी. तेव्हा टीव्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. आता पडदा वीतभर अंतरावर. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. शक्य असेल तर खेळ टीव्हीला जोडा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, साधारण वीस फुटांवर पाहा.

ज्यांना अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा त्रास आहे किंवा घरात कुणाला आहे, त्यांनी लखलखणाऱ्या दृश्यांपासून जपावं. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या वेगाने लखलखणाऱ्या लाल-निळ्या प्रकाशामुळे सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. खोलीत दिवा लावून, पडद्यापासून लांब बसणं हा साधा उपाय आहे.

किती, कसं, कुणाबरोबर

शेवटी प्रिस्क्रिप्शन. वेळ: झोपायच्या किमान तासभर आधी खेळ बंद. मात्रा: आधी ठरवलेली, तीन लाइफ म्हणजे तीनच, आणि एम्युलेटरमधलं साठवायचं बटण वापरायचं नाही. जुन्या खेळाचा ब्रेक पुन्हा बसवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

पथ्य: मन फार खचलं असताना, नोकरीच्या किंवा पैशाच्या काळजीने झोप उडाली असताना, मध्यरात्री एकट्याने खेळायचं नाही. तेव्हा गरज बोलण्याची असते. कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं. आपल्या जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही याबद्दल विचारता येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि अनुपान, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचं ते: दुसरा रिमोट. तुमच्या दहा वर्षांच्या मुलीच्या हातात तो द्या. अमेरिकेत २०११ मध्ये झालेल्या एका पाहणीत आईवडिलांबरोबर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या किशोरवयीन मुलींचं घरच्यांशी नातं अधिक घट्ट असल्याचं दिसलं होतं. ती दोन दिवसांत तुम्हाला हरवेल. चोविशीनंतरच्या वेगाचं वर सांगितलंच आहे. हरताना तिला सांगा, की तिच्या आजोबांची रात्रपाळी असायची तेव्हा आवाज बंद करून कसं खेळायचो, कॅसेट कुणाकडून उसनी आणायचो, मागे बसून ओरडणारे कोण कोण होते. आजोबा घरात असतील तर त्यांनाही बसवा. बोनसचे पैसे त्या खेळण्यात घालताना त्यांनी काय विचार केला होता, हे तुम्ही त्यांना कदाचित कधी विचारलंही नसेल.

त्या मागे बसणाऱ्यांपैकी दोघा-तिघांचे नंबर अजून तुमच्या फोनमध्ये असतील. या रविवारी त्यांच्यापैकी एकाला घरी बोलवा. खेळ अर्ध्या तासात कंटाळवाणा होईल. मारिओ आता पूर्वीइतका अवघड वाटत नाही आणि पूर्वीइतका भारीही. मग रिमोट बाजूला पडतील आणि चहा होईल. आणि त्या चहाची मात्रा ठरवून घ्यायची गरज नाही.